दूषित एनपीएम पॅकेज काढलं तरी परत येतंय? ते कुठे दडतं आणि कोणत्या क्रमाने काढायचं

एनपीएम हे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणून बसवणारं साधन. हल्लेखोराने एखाद्या पॅकेजात घातक कोड घातला की ती आवृत्ती दूषित. लक्षण असं दिसतं. सुरक्षा स्कॅनर सांगतो की प्रकल्पात चॉक ५.६.१ ही दूषित आवृत्ती आहे. तुम्ही नोड-मॉड्यूल्स (बसवलेली पॅकेजं जिथे असतात ते) फोल्डर उडवता, पुन्हा इन्स्टॉल करता, स्कॅनर गप्प होतो. दोन दिवसांनी बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून प्रकल्प आपोआप तयार करणाऱ्या मशीनवर) तेच पॅकेज, तीच आवृत्ती. किंवा तुमच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल बिनतक्रार होतं आणि शेजारच्या टेबलावर तीच आज्ञा ४०४ ('सापडलं नाही') देते. या दुसऱ्या प्रकारात माणसं ४०४ देणारं मशीन दुरुस्त करायला बसतात. खरं तर तेच मशीन ठीक आहे. रजिस्ट्रीवरून (पॅकेजांच्या मुख्य भांडारातून) काढून टाकलेलं पॅकेज ज्या मशीनवर अजूनही मिळतंय, तिथे कुठेतरी त्याची प्रत शिल्लक आहे.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

उदाहरणासाठी ८ सप्टेंबर २०२५चा प्रकार घेऊ, कारण त्याचा तपशील उघड आहे आणि त्यातली पॅकेजं जवळपास प्रत्येक जावास्क्रिप्ट प्रकल्पात असतात. एनपीएमजेएस डॉट हेल्प या बनावट डोमेनवरून आलेल्या मेलमुळे एका मेंटेनरच्या (पॅकेज सांभाळणाऱ्याच्या) खात्याचा ताबा गेला आणि चॉक ५.६.१, डीबग ४.४.२, अॅन्सी-स्टाइल्स ६.२.२, स्ट्रिप-अॅन्सी ७.१.१ अशा दीड डझनाहून जास्त पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. या सगळ्यांची मिळून आठवड्याची डाउनलोड संख्या २ अब्जांहून अधिक आहे. भारतात तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. पुढच्या दोन-अडीच तासांत बहुतेक आवृत्त्या काढल्या गेल्या, पण त्या वेळात ज्यांनी इन्स्टॉल केलं त्यांच्याकडच्या प्रती कोणी काढायला येत नाही. तुमच्याकडचे लॉग तपासताना वेळ नीट बघा. बिल्ड सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीमध्ये असतात, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. १३:१६ ही वेळ दुपारची समजून तो बिल्ड सोडून दिला जातो, आणि नेमका तोच हवा असतो.

आधी हे ठरवा: कोड नुसता आला, की चालला?

साफसफाईला हात घालण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं, कारण पुढचा सगळा क्रम त्यावर बदलतो.

चॉक-डीबगमधला कोड इन्स्टॉल करताना काहीच करत नव्हता. तो ब्राउझरमध्ये चालण्यासाठी लिहिलेला होता. पानावरचं फेच आणि एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट ताब्यात घ्यायचा आणि क्रिप्टो व्यवहारात पैसे घेणाऱ्याचा पत्ता बदलून दिसायला मिळताजुळता दुसरा घालायचा. असा प्रकार असेल तर विकसकाचं मशीन बहुतांशी सुरक्षित असतं. धोका असतो तो तुमच्या वेबसाइटवर गेलेल्या बंडलमध्ये, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये.

दुसरा प्रकार इन्स्टॉलच्या वेळीच चालतो. २६ ऑगस्ट २०२५ला एनएक्स या बिल्ड साधनाच्या दूषित आवृत्त्या आल्या (भारतात २७ तारखेची पहाट होती). त्यांत पोस्ट-इन्स्टॉलला (पॅकेज बसल्यावर लगेच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) टेलिमेट्री डॉट जेएस नावाची फाइल चालत होती. सप्टेंबरच्या मध्यात शाय-हुलुद हा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा कोड, आला. त्यात बंडल डॉट जेएस ही तीन एमबीहून मोठी फाइल होती. ती ट्रफलहॉग हे साधन वापरून मशीनवरची गुपितं शोधायची आणि एनपीएमचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) सापडलं की त्या माणसाच्या इतर पॅकेजांमध्ये स्वतःला घुसवून ती प्रसिद्ध करायची. नोव्हेंबर २०२५च्या दुसऱ्या लाटेत हाच खेळ प्री-इन्स्टॉलवर आला. सेटअप-बन डॉट जेएस ही लहानशी फाइल आणि तिच्या शेजारी बन-एन्व्हायरन्मेंट डॉट जेएस ही सुमारे १० एमबीची. रंग किंवा तारखा हाताळणाऱ्या चिमुकल्या पॅकेजात १० एमबीची एकच फाइल दिसली, तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

तुमच्या लॉकफाइलमधली, म्हणजे नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणाऱ्या फाइलमधली, कोणती पॅकेजं इन्स्टॉलच्या वेळी काही चालवतात हे बघायला पॅकेज-लॉक उघडा आणि 'हॅज-इन्स्टॉल-स्क्रिप्ट' हा शब्द शोधा. मधल्या आकाराच्या प्रकल्पात सहसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी निघतात. ही यादी एकदा लिहून ठेवली, की पुढच्या वेळी नवं नाव लगेच नजरेत भरतं.

इन्स्टॉलच्या वेळी चालला असेल तर

इथे फोल्डर पुसणं हे पहिलं काम नव्हे. ते मशीन गेलं असंच धरून चाला.

सर्वात आधी चालू प्रक्रिया थांबवा आणि मशीन बंद करा. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घेऊन थांबवा. टोकन रद्द करायचं काम त्यानंतर, आणि तेही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. या क्रमाला कारण आहे. नोव्हेंबरच्या लाटेतला कोड चोरी करायला गिटहब किंवा एनपीएमचं टोकन मिळालं नाही, तर वापरकर्त्याचं होम फोल्डर पुसायला घ्यायचा. कोड चालू असताना घाईने टोकनं रद्द करणं म्हणजे त्याला तिकडे ढकलणं.

मग टोकनं बदला. एनपीएमची टोकनं, गिटहबची पर्सनल टोकनं, एसएसएच की, एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड किंवा अॅझ्युअरच्या की, आणि डॉट-एन्व्ह फाइलमधलं झाडून सगळं. होम फोल्डरमधली डॉट-एनपीएमआरसी फाइल उघडून बघा. 'ऑथ-टोकन' असलेली ओळ तिथे साध्या अक्षरांत पडलेली असते आणि ती वाचायला कोणत्याही पॅकेजला वेगळी परवानगी लागत नाही. नवं टोकन बनवून जुनं तसंच ठेवणं ही इथली नेहमीची चूक आहे. 'एनपीएम टोकन लिस्ट' चालवा आणि जुनी 'एनपीएम टोकन रिव्होक'ने एकेक करून रद्द करा.

त्यानंतर गिटहबवर जा. खात्याच्या सुरक्षा लॉगमध्ये त्या दिवसापासूनच्या नोंदी वाचा. तुम्ही न बनवलेली सार्वजनिक रिपॉझिटरी आहे का, एखादी खासगी रिपॉझिटरी अचानक सार्वजनिक झाली का, शाय-हुलुद नावाची ब्रँच आहे का, वर्कफ्लो फोल्डरमध्ये शाय-हुलुद-वर्कफ्लो किंवा डिस्कशन डॉट वायएएमएल अशी अनोळखी फाइल आहे का, हे तपासा. डिस्कशनवाली फाइल विशेष घातक आहे. नोव्हेंबरच्या लाटेत संक्रमित मशीन 'शा-१-हुलुद' नावाने सेल्फ-होस्टेड रनर (गिटहबची कामं चालवणारं स्वतःचं मशीन) म्हणून नोंदवलं जायचं आणि रिपॉझिटरीत कोणी डिस्कशन उघडली की तिच्यातला मजकूर त्या मशीनवर आज्ञा म्हणून चालायचा. सगळ्या पॅकेजांची सफाई करूनही 'पुन्हा कोणीतरी आत येतंय' असं वाटत असेल, तर रनरांची यादी आधी बघा. मशीनवर हा रनर होम फोल्डरमधल्या डॉट-डेव्ह-एन्व्ह या फोल्डरात असतो.

एनएक्सच्या बाबतीत खूण वेगळी आहे. नवं टर्मिनल उघडलं की पासवर्ड मागतं किंवा मशीन बंदच होतं. बॅश-आरसी आणि झेडएसएच-आरसी या फाइलींच्या शेवटी 'सुडो शटडाउन'ची ओळ घातलेली असते. दुसऱ्या एखाद्या संपादकातून ती काढा. टेम्प फोल्डरमधली इन्व्हेंटरी डॉट टीएक्सटी मात्र पुसण्याआधी जपून ठेवा, कारण मशीनवरच्या कोणत्या फाइलींवर नजर गेली याची ती यादी आहे.

या प्रकारातलं मशीन पुसून नव्याने उभं करावं असंच आमचं स्पष्ट मत आहे. अर्धा दिवस जातो, पण 'काही राहिलं तर नाही ना' या शंकेत आठवडे घालवण्यापेक्षा ते परवडतं.

पॅकेज परत का येतं

आता मूळ तक्रारीकडे. नोड-मॉड्यूल्स ही फक्त शेवटची प्रत असते. तिच्या वर अनेक साठे आहेत. टाकीत घाण असताना नळ कितीही घासला तरी पाणी तसंच येणार.

पहिला साठा लॉकफाइल. पॅकेज-लॉकमध्ये चॉकच्या नोंदीत तीन गोष्टी असतात: आवृत्ती, कुठून आणायचं तो पत्ता, आणि इंटिग्रिटी म्हणून एसएचए-५१२चा हॅश. हा हॅश बघून माणसं निर्धास्त होतात. पण तो एवढंच सांगतो की लॉक करताना जी फाइल आली होती तीच आताही आली आहे. लॉक करतानाच दूषित फाइल आली असेल, तर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला तीच दूषित फाइल चोखपणे तपासून बसवली जाते. लॉकफाइल मुख्य ब्रँचवर दुरुस्त केली तरी जुन्या ब्रँचवर आणि डिपेन्डाबॉटने (नव्या आवृत्त्या आपोआप सुचवणाऱ्या गिटहबच्या साधनाने) उघडलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये ती तशीच असते, आणि कोणीतरी ती ब्रँच मर्ज केली की गाडी पुन्हा मूळ पदावर. म्हणून 'गिट लॉग --ऑल'ला मोठ्या एसचा पर्याय जोडून 'चॉक-५.६.१.टीजीझेड' हे अक्षरशः शोधा. ही नोंद ज्या ज्या कमिटमध्ये आली वा गेली ते सगळे समोर येतात. एकाच रिपॉझिटरीत दोन-तीन लॉकफाइल असतील (डॉक्स फोल्डरात एक, उदाहरणांच्या फोल्डरात एक), तर त्या विसरल्या जातात. हा शोध त्यांनाही पकडतो.

दुसरा साठा एनपीएमचा स्वतःचा कॅशे, होम फोल्डरमधल्या डॉट-एनपीएममध्ये. शेजारी ४०४ आणि तुमच्याकडे यश, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. कॅशेमधल्या फाइली त्यांच्या हॅशने ठेवलेल्या असतात. लॉकफाइलमध्ये हॅश आहे आणि त्या हॅशची फाइल कॅशेमध्ये आहे म्हटल्यावर एनपीएम ती रजिस्ट्रीकडून मागतच नाही. रजिस्ट्रीने आवृत्ती काढून टाकली हे त्याला कळायचा प्रश्नच येत नाही. 'एनपीएम कॅशे एलएस चॉक@५.६.१' चालवून बघा. काही छापून आलं तर प्रत आहे. 'एनपीएम कॅशे क्लीन --फोर्स'ने पूर्ण कॅशे रिकामा करा. एनपीएक्सचा (पॅकेज प्रकल्पात न बसवता थेट चालवणाऱ्या आज्ञेचा) साठा वेगळा असतो, डॉट-एनपीएममध्येच 'अंडरस्कोर-एनपीएक्स' नावाने. तो वेगळा पुसावा लागतो.

तिसरा साठा कंपनीतली मधली रजिस्ट्री: व्हर्डाच्चिओ, नेक्सस, आर्टिफॅक्टरी. यांचं कामच मुळी एकदा आलेली फाइल जपून ठेवणं हे आहे. मुख्य रजिस्ट्रीवरून आवृत्ती गेली तरी यांच्याकडे ती राहते आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला मिळत राहते. पूर्ण टीमला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर आधी इथे बघा.

चौथा साठा बिल्ड सर्व्हरचा कॅशे. याची किल्ली साधारणपणे लॉकफाइलच्या हॅशवरून बनते, त्यामुळे लॉकफाइल बदलली की नवा कॅशे बनेल असं आपण धरून चालतो. पण गिटहब अॅक्शन्समध्ये 'रिस्टोअर-कीज' दिली असेल, तर नेमकी किल्ली न सापडल्यावर नावाचा सुरुवातीचा भाग जुळणारा जुना कॅशे उचलला जातो. म्हणजे नवी लॉकफाइल आणि जुना, दूषित साठा. 'जीएच कॅशे डिलीट --ऑल' चालवा आणि मोकळे व्हा. पुढचा एक बिल्ड काही मिनिटं जास्त घेईल, एवढंच.

पाचवा डॉकरचा थर (डॉकर म्हणजे प्रकल्प सगळ्या सामग्रीसकट एका 'प्रतिमेत' बांधणारं साधन). डॉकरफाइलमध्ये आधी पॅकेज फाइली कॉपी आणि मग 'एनपीएम सीआय', हा सगळीकडचा रिवाज. त्या फाइली बदलल्या नाहीत तर डॉकर जुना थर जसाच्या तसा वापरतो. 'डॉकर बिल्ड --नो-कॅशे --पुल' वापरा, आणि डॉकरच्या रजिस्ट्रीत पडलेल्या त्या काळातल्या प्रतिमा टॅगसकट काढा, नाहीतर अडचणीच्या वेळी रोलबॅक करताना कोणीतरी नेमकी तीच उचलेल.

सहावा साठा वेबसाइटचं बंडल. चॉक-डीबगसारख्या प्रकारात हाच खरा. सर्व्हरवर नवा बिल्ड गेला तरी सीडीएनवर (वेबसाइटच्या प्रती पुरवणाऱ्या सर्व्हरांवर) जुनी फाइल राहते आणि सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये फाइली साठवणारी स्क्रिप्ट) असेल तर ती ग्राहकाच्या ब्राउझरमध्येही राहते. बंडलमध्ये 'स्टेल्थ-प्रॉक्सी-कंट्रोल' हे नाव शोधा. कोड कितीही गुंतागुंतीचा केलेला असला तरी ते नाव त्यात उघड होतं. सापडलं तर सीडीएन पूर्ण रिकामं करा आणि सर्व्हिस वर्करची आवृत्ती वाढवा.

काढण्याचा क्रम

वरून खाली या. मधली रजिस्ट्री, मग बिल्ड सर्व्हरचा कॅशे, मग प्रत्येकाचा एनपीएम कॅशे, मग लॉकफाइल, मग नोड-मॉड्यूल्स, शेवटी प्रतिमा आणि सीडीएन. उलट्या दिशेने गेलात तर खाली साफ केलेलं वरून पुन्हा भरत राहतं.

लॉकफाइलच्या पायरीवर सर्वात जास्त नुकसान होतं, म्हणून तिथे थोडं थांबू. 'लॉकफाइल डिलीट करून नव्याने इन्स्टॉल कर' हा सल्ला सर्रास दिला जातो. असं करू नका. लॉकफाइल गेली की पॅकेज-जेसनमधल्या कॅरेटला (^, म्हणजे याच मालिकेतली नवी आवृत्तीही चालेल) मोकळं रान मिळतं आणि शेकडो पॅकेजं एकदम ताज्या आवृत्तीवर उडी मारतात. हल्ला चालू असतानाच्या दिवसांत ताजी आवृत्ती हीच सर्वात धोक्याची. फक्त दूषित पॅकेजं हलवा: 'एनपीएम अपडेट चॉक डीबग'. चॉक ५.६.२ आणि डीबग ४.४.३ स्वच्छ आहेत. नंतर 'एनपीएम एलएस चॉक --ऑल'ने कोण कोणती आवृत्ती ओढतंय ते पूर्ण झाडासकट बघा.

एखादं मधलं पॅकेज दूषित आवृत्तीच नेमकी मागत असेल, तर पॅकेज-जेसनमध्ये ओव्हरराइड्स (आवृत्ती सक्तीने बदलणारी नोंद) वापरावं लागतं. तिथे 'चॉक' एवढीच किल्ली लिहून ५.६.२ दिलं की वेगळीच आफत येते. जुनी पॅकेजं चॉकची ४ किंवा २ ही मालिका रिक्वायरने घेतात, तर ५ ही मालिका फक्त ईएस मॉड्यूल आहे. जुन्या नोडवर बिल्ड 'ईआरआर-रिक्वायर-ईएसएम' म्हणत कोसळतो आणि माणूस वैतागून ओव्हरराइडच काढून टाकतो. किल्ली 'चॉक@^५' अशी लिहा, म्हणजे फक्त ५च्या मालिकेला हात लागेल.

शेवटी कॅशे रिकामा असलेल्या मशीनवर 'एनपीएम सीआय'. ही आज्ञा नोड-मॉड्यूल्स स्वतः पुसते आणि लॉकफाइलबाहेरचं काही आणत नाही. इथे ४०४ आला तर चांगली बातमी समजा. लॉकफाइलमध्ये अजून एक काढून टाकलेली आवृत्ती शिल्लक होती आणि ती आता सापडली.

'एनपीएम ऑडिट' शून्य दाखवतंय, तरीही

ऑडिट हे प्रसिद्ध झालेल्या सूचनांशी तुलना करतं. हल्ल्याच्या पहिल्या तासांत सूचना निघालेलीच नसते, त्यामुळे शून्याला तेव्हा काही अर्थ नसतो. 'एनपीएम ऑडिट सिग्नेचर्स' चालवून धीर घेणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की चोरलेल्या पण खऱ्या खात्यातून प्रसिद्ध झालेल्या पॅकेजवर रजिस्ट्रीची सही खरीच असते. मधल्या वाटेत कोणी फाइल बदलली तर ही तपासणी पकडेल. मेंटेनरचं खातंच गेलं असेल तर नाही.

पुन्हा शिरू नये म्हणून

डॉट-एनपीएमआरसीमध्ये 'इग्नोर-स्क्रिप्ट्स=ट्रू' लिहा. एनएक्स आणि शाय-हुलुद दोन्ही यामुळे इन्स्टॉलच्या पायरीवर अडले असते. चॉक-डीबग अडलं नसतं, हेही तितकंच खरं. याचे दुष्परिणाम आधी माहीत असू द्या. बीक्रिप्टसारखी नेटिव्ह पॅकेजं बांधली जात नाहीत, सायप्रेस आपला बायनरी उतरवत नाही, हस्कीचे गिट हुक बसत नाहीत आणि तुमच्या स्वतःच्या 'प्री-टेस्ट', 'पोस्ट-बिल्ड' स्क्रिप्टही गुपचूप वगळल्या जातात. विश्वासातल्या पॅकेजासाठी 'एनपीएम रिबिल्ड बीक्रिप्ट --इग्नोर-स्क्रिप्ट्स=फॉल्स' असं नाव घेऊन चालवा. पीएनपीएम (एनपीएमला पर्यायी साधन) १० पासून डिपेन्डन्सींच्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात आणि परवानगीची यादी तुम्ही द्यायची असते. नवा प्रकल्प असेल तर आम्ही तेच सुचवू.

दुसरा उपाय म्हणजे ताज्या आवृत्त्यांना थांबवून ठेवणं. वर आलेले हल्ले काही तासांत ते फार तर दोन-तीन दिवसांत उघडे पडले. पीएनपीएम १०.१६ पासून वर्कस्पेस फाइलमध्ये 'मिनिमम-रिलीज-एज' देता येतं. आकडा मिनिटांत असतो. सात दिवस म्हणून ७ लिहिलं तर सात मिनिटांचं संरक्षण मिळतं, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. तीन दिवसांना ४३२०, आठवड्याला १००८०. तातडीची सुरक्षा दुरुस्ती हवी असेल तेव्हा हीच अट आड येते. तेवढ्यापुरतं त्या पॅकेजाचं नाव वगळण्याच्या यादीत घाला आणि काम झालं की काढा.

पायथनवाल्यांसाठी थोडक्यात: व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) फाइल इन्स्टॉल होताना तिच्यातला कोड चालत नाही, सोर्स पॅकेजचा सेटअप डॉट पीवाय चालतो. म्हणून 'पिप'ला '--ओन्ली-बायनरी :ऑल:' आणि '--रिक्वायर-हॅशेस' द्या. पण इम्पोर्ट केल्यावर व्हीलमधला कोडही चालतोच. डिसेंबर २०२४मध्ये अल्ट्रालिटिक्स या पॅकेजाच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांमध्ये क्रिप्टो खाणकाम करणारा प्रोग्राम आला होता. त्याची खूण म्हणजे काही काम नसताना प्रोसेसर सतत पूर्ण भारावर. तिथेही 'पिप कॅशे पर्ज' विसरू नका, वरचीच गोष्ट लागू आहे.

भारतातल्या कंपन्यांसाठी एक कायदेशीर बाब. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पुण्या-मुंबईतल्या लहान टीमांमध्ये हे बहुधा कोणाच्याच नावावर नसतं. साफसफाई सुरू करण्याआधी लॉगची प्रत बाजूला काढा. मशीन पुसल्यावर कळवायला हातात काही उरत नाही.

तुम्ही स्वतः पॅकेज प्रसिद्ध करत असाल, तर

'एनपीएम व्ह्यू'पुढे आपल्या पॅकेजाचं नाव आणि 'टाइम' लिहा. प्रत्येक आवृत्तीची तारीख-वेळ छापून येते. तुम्ही न काढलेली आवृत्ती दिसली तर ७२ तासांच्या आत सहसा ती स्वतः अनपब्लिश करता येते. त्यानंतर अटी लागतात आणि रजिस्ट्रीच्या सुरक्षा टीमला लिहावं लागतं. खात्याला सहा आकडी कोडऐवजी सुरक्षा की लावा. बनावट पान तुमच्याकडून सहा आकडे घेऊन त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरू शकतं. की मात्र डोमेनशी बांधलेली असते, त्यामुळे एनपीएमजेएस डॉट हेल्पवर ती उत्तरच देत नाही. बिल्ड सर्व्हरवरून प्रसिद्ध करत असाल तर टोकन साठवून ठेवण्याऐवजी ट्रस्टेड पब्लिशिंग (दर वेळी तात्पुरती ओळख देऊन प्रसिद्ध करणं) वापरा. त्याला एनपीएम ११.५.१ किंवा वरची आवृत्ती लागते. ते चालू झालं की जुनं टोकन बिल्ड सर्व्हरच्या सिक्रेट्समधून काढा आणि एनपीएमच्या खात्यातूनही रद्द करा. एका ठिकाणी काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवलं तर ते चालूच राहतं.